पहिल्या मंत्रिमंडळातले मतभेद आणि नंदुरबारची सीमा

१५ ऑगस्ट १९४७च्या मंत्रिमंडळात डॉ. आंबेडकर, श्यामाप्रसाद मुखर्जी असे काँग्रेसबाहेरचे नेतेही होते. मुखर्जी १९५०मध्ये, तर आंबेडकर १९५१मध्ये बाहेर पडले. याला सत्तेचा रुसवा म्हणणाऱ्यांनी कारणे पाहावीत: मुखर्जींना नेहरू-लियाकत करार अमान्य होता, आंबेडकरांना मुख्यतः हिंदू कोड बिलाची हेळसांड असह्य झाली. पुढे १९५६मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी मुंबई महाराष्ट्राला नाकारली म्हणून राजीनामा दिला. तत्त्वासाठी खुर्ची सोडणारी ही माणसे होती. दिल्लीतले वाद नंदुरबारहून दूरचे वाटतील. पण मुंबईच्याच वादातून १९६०मध्ये मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात असे विभाजन झाले तेव्हा नंदुरबार ज्यात होते, त्या पश्चिम खानदेशातली काही गावे गुजरातेत गेली. सीमेवरच्या आदिवासी कुटुंबांची सोयरीक मात्र आजही दोन्ही बाजूंना आहे.