औंध ते रोम, व्हाया नथुला!

औंध म्हणजे अवघ्या 72 गावांचं संस्थान, तेही सलग नाही, तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. तिथले राजपुत्र अप्पासाहेब पंत (1912–1992) स्वतंत्र भारताचे प्रतिनिधी म्हणून तीन खंड फिरले. त्यांच्या कारकिर्दीतल्या या काही भन्नाट गोष्टी.

आधी राज्य सोडलं! 1939 मध्ये वडील बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी गांधीजींच्या सल्ल्याने कारभार प्रजेच्या हाती दिला. ऑक्सफर्डला शिकून आलेले अप्पासाहेब पुढे औंधचे पंतप्रधान झाले.

बिनभिंतींचा तुरुंग. त्याच काळात आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली, स्वतंत्रपूर. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा हीच.

काम एक, हुद्दे चार. केनिया तेव्हा ब्रिटिश वसाहत, म्हणून 1948 मध्ये नैरोबीत ते ‘आयुक्त’. गंगटोकला ‘पॉलिटिकल ऑफिसर’. जाकार्ता, ऑस्लो, कैरो आणि रोमला ‘राजदूत’. लंडनला मात्र ‘उच्चायुक्त’, कारण राष्ट्रकुल देश एकमेकांकडे राजदूत नव्हे, उच्चायुक्त पाठवतात.

गोऱ्यांच्या डोळ्यांत खुपले. नैरोबीत त्यांनी आफ्रिकी नेत्यांशी मैत्री जोडली, आफ्रिकी तरुणांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. वसाहतीच्या सरकारला हे मुळीच रुचलं नाही. भारताने मात्र 1954 मध्ये, पद्म पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, त्यांना पद्मश्री दिली.

पंतप्रधान घोड्यावर! 1958 मध्ये नेहरू भूतानला निघाले, पण तिथे मोटाररस्ताच नव्हता. मग गंगटोकहून 14 हजार फुटांवरची नथुला खिंड, पुढे तिबेटचं चुंबी खोरं आणि तिथून पारो, असा प्रवास घोड्यांवरून आणि पायी झाला. नेहरूंचं वय 68, सोबत इंदिरा गांधी. या दुर्गम वाटेवर अप्पासाहेब बरोबर होते.

युद्धाच्या तोंडावर. 1967 चं अरब-इस्रायल युद्ध पेटलं, तेव्हा ते इजिप्तमध्ये राजदूत होते.

घरचा वारसा. वडिलांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. मुलानेही त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं.

राजवाड्यात जन्मलेल्या या माणसाने आफ्रिकेत बाजू घेतली ती राज्यकर्त्यांची नव्हे, लोकांची. त्याची मुळं प्रजेच्या हाती कारभार देण्याच्या औंधच्या प्रयोगात आहेत. औंधला यमाईदेवीच्या दर्शनाला गेलात, तर डोंगरावरचं भवानी संग्रहालय पाहाच, आणि या राजपुत्राचीही आठवण काढा.