टमी टकनंतरचे दिवस

टमी टकमध्ये पोटाची सैल कातडी काढून टाकतात आणि बाळंतपणात फाकलेले स्नायू टाके घालून जवळ आणतात. जोडीला लायपोसक्शन असेल तर कमरेची चरबीही नळीने ओढून घेतात. ही मोठी शस्त्रक्रिया आहे, हे घरच्यांनीही ओळखायला हवं.

पहिला आठवडाभर थोडं वाकूनच चालायचं. झोपताना पाठीखाली आणि गुडघ्यांखाली उशा घ्यायच्या, म्हणजे टाक्यांवर ताण येत नाही. पण डॉक्टरांनी सांगताच चालायला लागायचंच. नुसतं पडून राहिल्यानं पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. एकाच पोटरीला सूज, अचानक धाप, छातीत कळ, यातलं काहीही जाणवलं तर सकाळची वाट पाहू नका, थेट रुग्णालय गाठा.

घट्ट पट्टा साधारण ६ आठवडे. तोवर जड उचलणं बंद, आणि त्यात कडेवरचं मूलही आलं. तंबाखू, सिगारेट पूर्ण वर्ज्य. त्यानं कातडीचा रक्तपुरवठा घटतो, जखम भरत नाही. सूज पुरती ओसरायला काही महिने जातात. तोपर्यंत आरशात पाहून खचू नका. बेंबीखालचा बधिरपणाही हळूहळूच कमी होतो, व्रण फिका व्हायला वर्षभर लागतं.