पाहुणे बाहेर आणि आपण गॅसपाशी?

भिशी आपल्या घरी असली की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. बाहेर गप्पांना ऊत आलेला आणि आपण आत कढईपाशी! प्रत्येकीला गरम मिळावं म्हणून आपली धावपळ, आणि शेवटी आपल्या ताटलीत येतो तो गार वडा.

गेल्या वर्षी न्यू जर्सीला नणंदेकडे राहिले, तेव्हा यावरची तोड पाहिली. फेब्रुवारीत तिकडच्या फुटबॉलचा अंतिम सामना असतो. तो टीव्हीवर बघायला पंधरा माणसं आली होती, आणि वन्सं चक्क सोफ्यावर बसलेल्या! टेबलावर स्लो कुकर, त्यात पालक आणि चीजचं गरम डिप. डिप म्हणजे बुडवून खायचं दाटसर तोंडीलावणं. ज्याला हवं त्याने उठावं आणि घ्यावं.

स्लो कुकर म्हणजे चिनी मातीचं जाड भांडं आणि त्याच्याभोवती विजेची मंद आच. आयर्विंग नॅक्सन यांना अशा भांड्याचं पेटंट १९४० साली मिळालं. लिथुआनियात शनिवारच्या सणासाठी ज्यू बायका कडधान्य-मांसाचं भांडं आदल्या रात्री भट्टीच्या उरल्या उबेवर ठेवून देत, ही घरात ऐकलेली आठवण त्यामागे होती. १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने ते बाजारात आलं आणि नोकरी करणाऱ्या बायकांनी उचलून धरलं. आपल्या आजीने तरी चुलीच्या वैलावर दुसरं काय केलं?

तिथून कुकर आणायचा मोह मात्र आवरा. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची, लावताक्षणी जळायचा. मी इथेच लहानसा घेतला.

आता कृती. दोन जुड्या पालक उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळा. यात आळस नको, नाहीतर डिपचं सार होतं. एक कांदा आणि सहा लसूणपाकळ्या बारीक चिरून लोण्यावर गॅसवरच परता. पालक, २०० ग्रॅम किसलेलं प्रोसेस्ड चीज, अर्धी वाटी गरम दूध आणि मिरपूड कुकरमध्ये घालून दीड तास ‘लो’वर ठेवा. मधून दोनदाच ढवळा. उठसूट झाकण उघडलं की ऊब जाते. शेवटच्या अर्ध्या तासात वाटीभर चक्का चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळून घाला, म्हणजे फाटत नाही. मग बटण ‘वॉर्म’वर. मीठ चाखूनच घाला, चीज खारट असतं.

बरोबर खारी, टोस्ट, गाजर-काकडीचे लांब तुकडे. आणि हो, उष्ट्याचं काय? वन्संकडे सगळे एकाच भांड्यात बुडवत होते, मला कसंसंच झालं. मी कुकरपाशी पळी ठेवते आणि प्रत्येकीला लहान वाटी देते.

आता माझी फजिती ऐका. पहिल्याच भिशीला मी राजम्याचं डिप केलं. रात्री भिजवलेला राजमा सकाळी तसाच कुकरमध्ये घातला, ‘लो’वर ठेवला आणि शाळेत गेले. दुपारी बोटाने दाबला तर मऊ! मसाला, चीज घातलं, सगळ्यांनी वाहवा केली. संध्याकाळी दोघींना उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “राजमा उकळला होता का?” रात्रीपर्यंत दोघी सावरल्या, पण मला कुठे तोंड लपवू असं झालं.

कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं. ते खळखळ उकळीनेच मोडतं, मंद आचेवर टिकून राहतं. म्हणून भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि नव्या पाण्यात राजमा अर्धा तास उकळा, किंवा प्रेशर कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या काढा. मगच डिपचा विचार.

तसंच फ्रीजमधलं उरलेलं गार डिप या कुकरमध्ये गरम करू नका. ते तापायला तासन्‌तास लागतात आणि तेवढ्यात जंतू वाढतात. आधी गॅसवर उकळी आणा. ‘वॉर्म’ म्हणजे गरम ठेवण्यापुरतंच, तेही ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे. दोन तास वीज गेली असेल, तर ते डिप सरळ टाका. जीव हळहळतो, पण टाका.

पुढच्या भिशीला मी पालकाचं केलं. त्या दोघींपैकी एकीने दारातच विचारलं, “राजमा नाही ना गं?” आणि शेवटी खारीच्या तुकड्याने भांडं पुसून घेतलं, तेही तिनेच. मी तिच्याशेजारी बसून बघत होते.