पोथीपासून कलादालनापर्यंत : डॉ. सरयू दोशी यांची वाटचाल

आपल्या धर्मात सांगितलेल्या दानांमध्ये शास्त्रदानाचे स्थान मोठे आहे. मध्ययुगात जैन व्यापारी कुटुंबे दिवंगत आप्तांच्या स्मरणार्थ किंवा पुण्यप्राप्तीसाठी ग्रंथांच्या प्रती लिहवून घेत आणि त्या साधूंना अथवा मंदिराच्या भांडाराला अर्पण करीत. ऐपत असेल तर पोथीत चित्रेही काढवून घेत. अशा पोथीच्या अखेरीस पुष्कळदा प्रशस्ती असे. तीत दात्याचे नाव, कुळ, गाव, लेखनाचा संवत आणि क्वचित लेखनिकाचे नावही नोंदलेले असे. आज कलेचे अभ्यासक चित्रांचा काळ आणि प्रदेश ठरवताना या प्रशस्त्यांचा मोठा आधार घेतात. आपल्या पूर्वजांनी त्या चार ओळी लिहवून घेतल्या नसत्या, तर भारतीय चित्रकलेच्या कित्येक शतकांचा हिशेब लागणे कठीण झाले असते.

हा हिशेब लावणाऱ्या विद्वानांमध्ये डॉ. सरयू दोशी यांचे नाव आदराने घेतले जाते. जैन चित्रकलेच्या संशोधक, ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकाच्या संपादक आणि पुढे मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संस्थापक मानद संचालक, असा त्यांच्या कारकिर्दीचा क्रम आहे. १९९९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्रीने गौरविले. ताडपत्रावरील तीर्थंकरांची चित्रे आणि आधुनिक चित्रकारांचे भव्य कॅनव्हास यांचा परस्परांशी संबंध काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्यांच्या कार्याकडे बारकाईने पाहिले की ध्यानात येते, दोन्ही ठिकाणचे काम एकच होते : जे जपून ठेवले आहे, त्याची नीट ओळख करून घेणे आणि ते सर्वांच्या दृष्टीस आणणे.

मुडबिद्रीचा वारसा

सरयूताईंचे पती, उद्योगपती कै. विनोद दोशी, हे सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांचे नातू. उद्योगमहर्षी शेठ वालचंद हिराचंद हे याच हिराचंदजींचे पुत्र. मराठी भाषिक जैन समाजाला हिराचंदजी ‘जैन बोधक’ या नियतकालिकाचे संस्थापक म्हणून परिचित आहेत. त्यांचे आणखी एक कार्य मात्र आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

कर्नाटकातील मुडबिद्री येथील सिद्धांत बसदीत ‘षट्खंडागम’ आणि त्यावरील ‘धवला’ टीकेच्या ताडपत्रीय प्रती शतकानुशतके जपून ठेवलेल्या होत्या. यात्रेकरूंना त्यांचे दर्शन घडे, परंतु वाचन घडत नसे. जुनी कन्नड लिपी वाचणारे विरळ झाले होते आणि ताडपत्रे जीर्ण होत चालली होती. मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या ग्रंथांच्या प्रती करवून घेण्याचा ध्यास घेतला. भट्टारकांची आणि स्थानिक पंचांची संमती मिळवणे, निधी जमवणे, लिपी जाणणारे पंडित शोधणे यांत बरीच वर्षे गेली. पुढे डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ पासून अमरावतीहून हा ग्रंथ संपादित करून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि आठ शतके बंद असलेले ज्ञान अभ्यासकांच्या हाती आले.

याच ताडपत्रांवर बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, होयसळ काळातील चित्रे आहेत. हिराचंदजींच्या पिढीने त्यांतील अक्षरे वाचवली. त्याच घराण्यातील सुनेने दोन पिढ्यांनंतर अशा चित्रांच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले.

दिगंबर चित्रपरंपरेची नोंद

जैन चित्रकला म्हणजे गुजरात-राजस्थानातील कल्पसूत्राच्या आणि कालकाचार्य कथेच्या पोथ्या, असा समज अभ्यासकांमध्ये दीर्घकाळ होता. तो अकारण नव्हता. पाटण आणि जैसलमेर येथील श्वेतांबर भांडारे समृद्ध होती आणि त्यांतील पोथ्या तुलनेने लवकर प्रकाशात आल्या. दिगंबर सचित्र पोथ्या मात्र निरनिराळ्या मंदिरांत विखुरलेल्या आणि बहुतांशी अनोळखी राहिल्या होत्या.

सरयू दोशी यांनी या उपेक्षित परंपरेकडे लक्ष वेधले. १४०४ साली योगिनीपूर, म्हणजे दिल्ली येथे तयार झालेल्या सचित्र आदिपुराणावरील त्यांचा लेख १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. १३९८ मध्ये तैमूरने दिल्ली उद्ध्वस्त केली होती. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत त्याच नगरीत भगवान ऋषभदेवांचे चरित्र सांगणारी पोथी चित्रांसह सिद्ध होते, ही बाब त्या काळच्या श्रावकांच्या श्रद्धेविषयी आणि धैर्याविषयी पुष्कळ काही सांगून जाते. कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांच्यासमवेतही त्यांनी लेखन केले. १९८५ मधील ‘मास्टरपीसेस ऑफ जैन पेंटिंग’ हा त्यांचा ग्रंथ आजही या विषयाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही.

१९८१ मध्ये त्या ‘मार्ग’च्या संपादक झाल्या. मुल्कराज आनंद यांनी १९४६ मध्ये सुरू केलेले हे नियतकालिक त्यांनी १९८६ पर्यंत सांभाळले. श्रवणबेळगोळच्या भगवान बाहुबलींच्या मूर्तीला एक सहस्र वर्षे पूर्ण झाल्यानिमित्त १९८१ मध्ये महामस्तकाभिषेक झाला, तेव्हा त्या क्षेत्राचे शिल्प, शिलालेख आणि चित्रे यांचा परिचय देणारा ग्रंथ त्यांनी संपादित केला. शिवकालीन मराठा संस्कृती आणि गोव्याची संस्कृती यांवरही त्यांच्या संपादनाखाली ग्रंथ निघाले.

सभागृहाचे संग्रहालय

मुंबईच्या काळा घोडा परिसरातील सर कावसजी जहांगीर सभागृह ही १९११ ची, स्थापत्यकार जॉर्ज विटेट यांची वास्तू. एकेकाळी येथे सभा आणि संगीताच्या मैफली गाजत. कालांतराने तिला उतरती कळा लागली. दीर्घकाळ चाललेल्या नूतनीकरणानंतर १९९६ मध्ये येथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा सुरू झाली. मूळ संग्रहालय दिल्लीत १९५४ पासून होते. स्वातंत्र्योत्तर चित्रकलेत मुंबईचा वाटा एवढा मोठा असूनही या महानगराला असे राष्ट्रीय दालन मिळण्यास चार दशके लागली.

संचालक या नात्याने सरयू दोशी यांनी आरंभीच ‘द मॉडर्न्स’ हे प्रदर्शन मांडले. त्याचा विषय होता प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप आणि त्यांचे सहप्रवासी. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा तरुणांनी १९४७ मध्ये मुंबईतच हा गट स्थापन केला होता. नव्या संग्रहालयाने प्रथम आपल्याच शहराच्या कलेचे ऋण मान्य करावे, हे औचित्य त्यांनी साधले. पुढे याच दालनांत पिकासोच्या मूळ कलाकृतीही मुंबईकरांनी पाहिल्या.

अशा संस्थेचे दैनंदिन काम व्यापाऱ्याला सहज समजण्याजोगे आहे. आलेल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक, माप, माध्यम, ती कोणाकडून आली आणि कोणत्या स्थितीत आली, याची नोंद करावी लागते. दुसऱ्या संस्थेकडून उसनी आणलेली कलाकृती पेटीतून काढताना आणि परत भरताना तिची तपासणी होते. तिचा विमा उतरवतात. कागदावरील जुन्या चित्रांवर मंद प्रकाश ठेवतात आणि काही महिन्यांनी त्यांना विश्रांती देतात. संग्रहालयातील अशा जबाबदार व्यक्तीसाठी मराठीत ‘अभिरक्षक’ हा समर्पक शब्द आहे. आयुष्यभर बँकेत तारण मालाच्या नोंदी पाहिल्यामुळे मला या शिस्तीचे मोल विशेष जाणवते. नोंद नसलेली मालमत्ता कधी नाहीशी झाली, हेसुद्धा कोणाला कळत नाही.

आपले कर्तव्य

आजही अनेक गावांतील मंदिरांत आणि जुन्या वाड्यांत पोथ्यांची बासने आहेत. वाडे विकले जात आहेत, पुढची पिढी शहरांत आणि परदेशांत स्थिरावली आहे. बासनात काय आहे हे जाणणारे वृद्ध एकेक करून आपल्यातून जात आहेत. श्रुतपंचमीला किंवा ज्ञानपंचमीला आपण शास्त्रांची पूजा करतो, धूळ झटकतो आणि नवे वेष्टन घालतो. त्याच दिवशी आणखी एक काम करावे. प्रत्येक पोथीचे नाव, लिपी, पानांची संख्या, लांबी-रुंदी आणि चित्रे असल्यास त्यांची संख्या एका वहीत लिहावी. शेवटच्या पानावरील प्रशस्तीचे छायाचित्र घ्यावे. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, रबर बँड बांधू नये. धुतलेल्या सुती कापडाचे वेष्टन पुरेसे आहे. पंचाहत्तर वर्षांहून जुन्या, वाङ्मयीन किंवा ऐतिहासिक मोलाच्या पोथ्या १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतात. सचित्र पोथ्यांची नोंदणी आवश्यक असते आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

दिवाळीला आपण श्रद्धेने वहीपूजन करतो. पूर्वजांनी दिलेल्या शास्त्रदानाची वही मात्र पुष्कळ ठिकाणी अजून कोरीच आहे. डॉ. सरयू दोशी यांच्या कार्याबद्दल अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आणि मंदिराच्या प्रत्येक विश्वस्ताने तिचे पहिले पान या वर्षी भरावे.