स्थिर काय धरायचं? एका खाणकंपनीच्या धरणाची गोष्ट

रिसर्च प्रपोजलमधली 'गृहीतके' आपण बहुतेक वेळा आधीच्या पेपरवरून उचलतो. तिथेच प्रश्न विचारला तर काय होतं, ते अलास्कातल्या जुनो इथल्या सॅमन क्रीक धरणावरून बघू.

जुनोला बाहेरून आजही रस्ता नाही. सिमेंटची गोणीही बोटीनेच येणार. तिथल्या अलास्का गॅस्टिनो खाणकंपनीच्या खनिजात सोनं अगदी कमी होतं, त्यामुळे स्वस्त वीज मिळाली तरच धंदा परवडणार. म्हणजे धरण हवं, पण कमी काँक्रीटचं.

आपलं कोयना हे गुरुत्व धरण. ते स्वतःच्या वजनावर पाणी अडवतं. कमानी धरण मात्र तो भार दोन्ही बाजूंच्या खडकावर टाकतं, म्हणून ते बारीक चालतं. त्याचं ढोबळ सूत्र असं:

जाडी = पाण्याचा दाब × त्रिज्या ÷ काँक्रीटला झेपणारा ताण

तेव्हा वरपासून खालपर्यंत एकच त्रिज्या ठेवायची पद्धत होती. पण दरी खाली निमुळती होत जाते. रुंदी कमी आणि त्रिज्या तीच, म्हणजे तळाशी कमान जवळजवळ सपाट! शिवाय दाब सर्वांत जास्त तिथेच, म्हणून जाडीही भरमसाट.

अभियंता लार्स जॉर्गेनसेन यांनी त्रिज्येऐवजी कमानीचा केंद्रकोन स्थिर धरला. आता दरीबरोबर त्रिज्याही खाली घटत जाते आणि काँक्रीट वाचतं. कोन किती घ्यायचा? मोठा घेतला तर त्रिज्या घटते, पण कमानीची लांबी वाढते. सर्वांत कमी काँक्रीट सुमारे 133 अंशांना लागतं. ठरावीक रुंदीसाठी 'जाडी × लांबी' कोनाच्या रूपात लिहा, अवकलन शून्य करा. वहीत दहा मिनिटांत जमेल.

अर्थात हे सूत्र अपुरं आहे. धरण तळाशी जखडलेलं असतं, थंडीत काँक्रीट आकसतं. ते यात येत नाही.

1914 मध्ये सुमारे 51 मीटर उंचीचं हे धरण पूर्ण झालं. स्थिर-कोन पद्धतीचं हे जगातलं पहिलं. खाण 1921 मध्ये बंद पडली. धरण आजही जुनोला वीज देतं.

तुमच्या प्रपोजलमध्ये स्थिर धरलेल्या राशींची यादी करा आणि प्रत्येकीसमोर कारण लिहा. 'सगळे असंच करतात' एवढंच कारण सापडलं, तर तिथे थांबा. कदाचित तुमचा प्रश्न तिथेच आहे.