मेंदूरक्षणाचा शोध आणि घटकेचे मोल

मानवी शरीराच्या एकूण वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के. तथापि शरीर विश्रांती घेत असताना जेवढा प्राणवायू खर्च होतो, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो. एवढा खर्चिक असूनही हा अवयव स्वतःजवळ शिल्लक अशी जवळपास काहीच ठेवीत नाही. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो. मेंदूचा सारा व्यवहार मात्र घडोघडीच्या रोख आवकेवर चालतो. रक्ताची आवक पूर्ण थांबली, तर काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात. ज्या पेढीत गंगाजळी नाही, तिला एका दिवसाची टंचाईही कशी परवडत नाही, हे व्यापारी घरांना वेगळे सांगावे लागत नाही.

पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा अशा नावांनी आपण जो आजार ओळखतो, तो बहुतांशी या आवकेच्या खंडाचाच परिणाम होय. अधिक रुग्णांत रक्ताची गुठळी मेंदूची वाहिनी बुजवते. उरलेल्यांत वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. अमेरिकेतील मेंदूरोगतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली या हानीचा हिशेब मांडला. मोठी वाहिनी बंद झाली असता उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला सरासरी १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा तो हिशेब आहे.

या काळोख्या चित्रात आशेची एक जागा आहे. गुठळीच्या पुढचा सगळा भाग एकदम मरत नाही. मध्यभाग लवकर संपतो. परंतु त्याच्या सभोवतालचा भाग शेजारच्या वाहिन्यांतून झिरपणाऱ्या थोड्या रक्तावर काही तास तग धरतो. तो काम करीत नाही, पण जिवंत असतो. या निपचित पडलेल्या भागाला रक्त पुन्हा मिळेपर्यंत एखाद्या औषधाने सांभाळता येईल काय, हा प्रश्न गेली कित्येक दशके संशोधकांना अस्वस्थ करीत आला आहे. त्याचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा करणाऱ्यांत कॅनडातील टोरंटो शहराचे मेंदूशल्यचिकित्सक डॉ. मायकेल टिमियान्स्की यांचे नाव अग्रभागी येते.

पेशी स्वतःच्याच संदेशाने मरते

मेंदूतील पेशी ग्लुटामेट नावाच्या द्रव्याद्वारे एकमेकींना संदेश देतात. नेहमीच्या प्रमाणात हे द्रव्य स्मृती आणि शिक्षण यांचा आधार असते. परंतु रक्तपुरवठा तुटला वा डोक्यास जबर मार बसला, की गुदमरलेल्या पेशींतून ते बेसुमार बाहेर पडते. शेजारच्या पेशी त्यामुळे अतिउत्तेजित होतात, त्यांच्यात कॅल्शियम शिरते आणि आतली यंत्रणा स्वतःचाच नाश करू लागते. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन ओल्नी यांनी १९६९ साली या प्रक्रियेला अतिउत्तेजनातून होणारी विषबाधा अशा अर्थाचे नाव दिले.

उपाय सोपा वाटला. ग्लुटामेटचे दार बंद करावे, म्हणजे पेशी वाचेल. तशी औषधे बनलीही; परंतु माणसांवरील चाचण्यांत ती फसली. तेच दार मेंदूच्या रोजच्या कामासाठीही लागते, त्यामुळे ते सरसकट बंद केल्याने भ्रम, गुंगी यांसारखे त्रास उद्भवत आणि पुरेशी मात्रा देणेच अशक्य होई.

टिमियान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळा मार्ग शोधला. त्यांनी दाराला हात लावला नाही; दाराच्या आतील बाजूस, घातक संदेश पुढे नेणाऱ्या दुव्यावर लक्ष ठेवले. पीएसडी-९५ नावाचे प्रथिन ग्लुटामेटचे ग्राहक आणि विषारी नायट्रिक ऑक्साइड तयार करणारे विकर यांना एकत्र बांधून ठेवते. हा बंध सोडवला, तर पेशींचे संभाषण चालू राहील आणि विनाशाचा निरोप तेवढा पोहोचणार नाही. या विचाराला १९९९ आणि २००२ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी बळ मिळाले. त्यातून पुढे नेरिनेटाइड हे औषध आकारास आले. पेशीच्या आत शिरण्यासाठी त्याला जो वाहक जोडलेला आहे, तो एचआयव्ही विषाणूच्या एका प्रथिनाचा छोटा तुकडा आहे. त्या तुकड्याने रोग होत नाही. पेशीचे आवरण ओलांडण्याचे त्याचे कसब तेवढे उपयोगी पडते.

आशा, कसोटी आणि निकाल

शल्यचिकित्सकाच्या अनुभवाचा या संशोधनाला एक विशेष लाभ झाला. मेंदूतील वाहिनीला आलेला फुगा आतून तारेचे वेटोळे भरून बंद करताना काही रुग्णांत बारीकसारीक गुठळ्या सुटतात. येथे इजेची वेळ आधीच ठाऊक असते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अशा १८५ रुग्णांच्या चाचणीत औषध मिळालेल्यांच्या मेंदूत नव्या इजांची संख्या कमी आढळली. त्याच वर्षी माकडांवरील प्रयोगांतही उत्साहवर्धक परिणाम दिसले.

खरी कसोटी २०२० साली लागली. ८ देशांतील ४८ रुग्णालयांत, १,१०५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत गुठळी यंत्राने काढताना काहींना नेरिनेटाइड आणि काहींना निष्क्रिय द्रव्य दिले गेले. तीन महिन्यांनंतर स्वावलंबी असलेल्यांचे प्रमाण औषध घेतलेल्यांत ६१.४ टक्के आणि न घेतलेल्यांत ५९.२ टक्के निघाले. हा फरक योगायोगाचाही असू शकतो एवढा किरकोळ होता. मात्र ज्यांना गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज दिलेले नव्हते, त्या गटात हेच आकडे ५९.३ आणि ४९.८ असे होते. अल्टेप्लेजमुळे रक्तात जे विकर जागे होते, तेच नेरिनेटाइडचे तुकडे करते, हे त्याचे संभाव्य कारण होते.

म्हणून अल्टेप्लेज न दिलेल्या रुग्णांवर नवी चाचणी झाली. आणखी एका चाचणीत कॅनडातील रुग्णवाहिकांच्या कर्मचाऱ्यांनी रुग्ण रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच, वाटेतच औषध दिले. दोन्हींचे निकाल २०२५ साली 'लॅन्सेट'मध्ये आले आणि मुख्य कसोटीवर दोन्हींत अपेक्षित लाभ सिद्ध झाला नाही. वाटेत औषध मिळालेल्यांपैकी ज्यांचा रक्तप्रवाह पुढे उपचाराने मोकळा झाला, अशा रुग्णांत फायद्याची चिन्हे दिसली. परंतु चिन्हे म्हणजे पुरावा नव्हे.

या क्षेत्राचा इतिहास पाहता हे अपयश एकट्याचे नाही. २००६ साली झालेल्या एका मोजदादीत पक्षाघातापासून मेंदू वाचवण्याचे १,०२६ प्रायोगिक उपाय नोंदवले गेले होते. प्रयोगशाळेत आश्वासक ठरलेल्या मेंदूरक्षक औषधांपैकी एकही रुग्णशय्येजवळ निर्विवाद यशस्वी ठरले नव्हते.

अहिंसेला प्रमाण मानणाऱ्या समाजाने या आकड्यापाशी थोडे थांबावे. या उपायांमागे असंख्य उंदीर आणि इतर प्राणी यांचा बळी आहे. प्राण्यांत दिसलेला गुण माणसात का उतरत नाही, हा प्रश्न आता केवळ करुणेचा राहिलेला नाही, तो शास्त्राच्या शिस्तीचाही झाला आहे. प्राण्यांना पर्याय शोधणे, त्यांची संख्या घटवणे आणि वेदना कमी करणे ही त्रिसूत्री रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ सालीच मांडली होती. भारतातही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अशा प्रयोगांवर देखरेख ठेवली जाते.

डोक्याच्या माराचा धडा

अपघाताच्या बाबतीतही मेंदूची हानी दोनदा होते. पहिली आघाताच्या क्षणी. ती कोणी परतवू शकत नाही. दुसरी त्यानंतरच्या तासांत आणि दिवसांत, सूज, रक्तस्राव आणि प्राणवायूची उणीव यांमुळे. कवटी ही बंद पेटी आहे. आत सूज आली की दाब वाढतो आणि रक्त आत शिरेनासे होते.

सूज उतरवण्यासाठी अनेक वर्षे स्टेरॉइड देण्याचा प्रघात होता. २००४ साली १०,००० हून अधिक रुग्णांवरील चाचणीने दाखवले, की त्याने मृत्यू कमी होत नाहीत, उलट वाढतात. म्हणजे सद्‍हेतूने दिलेले औषधही कसोटीवाचून घातक ठरू शकते. याउलट, रक्तस्राव आवरणारे ट्रॅनेक्झॅमिक आम्ल मार बसल्यापासून ३ तासांच्या आत दिल्यास सौम्य व मध्यम दुखापतीत मृत्यू घटतात, असे २०१९ च्या चाचणीत आढळले.

शल्यचिकित्सकाच्या हाती असलेला एक उपाय मात्र पक्षाघातातही खणखणीत ठरला आहे. मोठ्या पक्षाघातानंतर मेंदू फार सुजला, तर कवटीचा एक भाग काही काळ काढून ठेवतात आणि सुजेला जागा करून देतात. २००७ साली तीन युरोपीय चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात, ६० वर्षांपर्यंतच्या रुग्णांत ४८ तासांच्या आत ही शस्त्रक्रिया केल्यास वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण २९ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. वाचलेल्यांपैकी अनेकांना पुढे आधाराची गरज राहिली, हेही तितकेच खरे. म्हणूनच डॉक्टर जेव्हा संमतीपत्र पुढे करतात, तेव्हा 'जीव वाचेल का' याच्या जोडीने 'वाचल्यावर आयुष्य कसे असेल' हेही कुटुंबाने मोकळेपणी विचारावे.

हट्ट्याच्या वाटेवर

टोरंटोच्या रुग्णवाहिकेतील प्रयोगाचा हिंगोली जिल्ह्यातील हट्टा गावाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध वेळेचा आहे. जुन्या बारवेमुळे इतिहासप्रेमींना ठाऊक असलेले हे गाव वसमत तालुक्यात येते. शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवानांच्या दर्शनासाठी जाणाऱ्या यात्रेकरूंनाही हा परिसर अपरिचित नाही. हळद, सोयाबीन आणि कापूस यांच्या उलाढालीवर येथील बाजारपेठा चालतात. मोठ्या उपचारासाठी मात्र परभणी वा नांदेड गाठावे लागते.

गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. मोठ्या वाहिनीतील गुठळी यंत्राने काढण्याची मुदत निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत वाढली आहे. परंतु ती सोय मोजक्याच शहरांत आहे. शिवाय गुठळी की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनवाचून कळत नाही. म्हणून घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देणेही धोक्याचे ठरते.

खेड्यांत हा आजार विरळा आहे, हा समजही सोडून द्यावा लागेल. डॉ. योगेश्वर काळकोंडे, डॉ. अभय बंग आणि 'सर्च' संस्थेतील सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांचा जो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला, त्यात पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण निघाले. दर १०० मृत्यूंपैकी सुमारे १४ मृत्यू त्याने झाले होते आणि त्यांतील बहुतेक घरीच घडले होते.

वेळ बहुधा प्रवासापूर्वीच वाया जाते. दुकानात बसल्या बसल्या हाताला मुंग्या येतात, बोलणे जड होते. 'पित्त झाले असेल, थोडे पडतो' असे म्हणून दोन तास निघून जातात. मग मालिश होते आणि अमुक गावच्या झाडपाल्याची चौकशी होते. पक्षाघाताला सहसा वेदना नसते, म्हणून तो फसवतो. तोंड एका बाजूस वाकडे होणे, एक हात वा पाय लुळा पडणे, बोबडे वा असंबद्ध बोलणे, एकाएकी दिसेनासे होणे वा तोल जाणे, यांपैकी एकही लक्षण पुरेसे आहे. अशा वेळी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा वा मिळेल त्या वाहनाने सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. रुग्णाला काही खाऊ-पिऊ घालू नये. तो शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लिहून घ्यावी; उपचाराचा निर्णय तिच्यावर अवलंबून असतो. काही मिनिटांत लक्षणे ओसरली तरीही जावे. ती बहुधा पुढील मोठ्या आघाताची सूचना असते.

आधीच करायची तजवीज

पक्षाघाताचे सर्वांत मोठे टाळता येण्याजोगे कारण उच्च रक्तदाब होय. जैन घरांत तंबाखू आणि मद्य सहसा नसते, ही मोठी जमेची बाजू. परंतु पापड, लोणचे, खाखरा, फरसाण यांतून जाणारे मीठ आणि गादीवर बसून जाणारा दिवस ही खर्चाची बाजू आहे.

व्रतांच्या काळात आणखी दक्षता हवी. पर्युषण वा दशलक्षण पर्वात उपवास, एकासन, अठाई करताना रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर बंद केल्या जातात. सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा नियम असणाऱ्यांची रात्रीची गोळी कायमचीच चुकते. यावर उपाय असतो. अनेक औषधे दिवसातून एकदा, सकाळी घेता येतात आणि मात्राही बदलता येते. मात्र हे पर्वाच्या आधी डॉक्टरांशी बोलून ठरवले पाहिजे. निर्जल उपवासाचा निर्णय ज्येष्ठांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये. दुचाकीवरून वसुलीला वा बाजाराला जाणाऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण असणे, हीही त्याच तजविजेतील बाब.

टिमियान्स्की यांच्या तीस वर्षांच्या श्रमातून मेंदूची पेशी कशी मरते, हे पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट झाले आहे आणि उद्याचे औषध त्याच पायावर उभे राहू शकते. आज मात्र रक्ताची आवक लवकर पूर्ववत करण्याला पर्याय नाही. त्यासाठी प्रत्येक कुटुंबाने एक संध्याकाळ काढून एवढे ठरवून ठेवावे: जवळचे सीटी स्कॅन कोठे आहे, तेथे रात्री डॉक्टर असतात काय, वाहन कोणाचे आणि घरातील कोण कोणती गोळी घेतो. ही माहिती एका कागदावर लिहून दूरध्वनीजवळ लावून ठेवावी, आणि ती दुकानातील नोकरालाही ठाऊक असावी.