एक्झॉस्ट नळीतील प्राणवायू-संवेदक : बसविण्याचे स्थान व मापनाची सत्यता

पेट्रोल एंजिनाच्या एक्झॉस्ट नळीत बसविला जाणारा प्राणवायू-संवेदक हा वस्तुतः एक लहानसा विद्युत्-रासायनिक घट होय. यिट्रियाने स्थिर केलेल्या झिर्कोनियाच्या पोकळ टोपणास आतून व बाहेरून सच्छिद्र प्लॅटिनमचा लेप दिलेला असतो. बाहेरील अंगास एंजिनातून निघालेले वायू लागतात, आतील अंगास वातावरणातील हवा. सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या वर झिर्कोनियातून प्राणवायूचे आयन वाहू लागतात आणि दोन अंगांकडील प्राणवायूच्या आंशिक दाबांच्या गुणोत्तरानुसार विद्युत्‌दाब उत्पन्न होतो. वाल्थर नेर्न्स्ट याने १८८९ मध्ये मांडलेल्या समीकरणाचेच हे उपयोजन आहे. व्होल्व्हो कंपनीच्या मोटारींत बॉश बनावटीचा असा संवेदक १९७६ पासून येऊ लागला.

वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा, हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. मिश्रणात हवा याहून अधिक असता संवेदक सुमारे ०.१ व्होल्ट देतो, पेट्रोल अधिक असता सुमारे ०.९ व्होल्ट. मधला बदल जवळजवळ एका उडीत होतो. परंतु संवेदक पेट्रोल जाणत नाही. त्यास केवळ प्राणवायू कळतो, मग तो कोठूनही आलेला असो. बसविताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

संवेदकाच्या अलीकडे, म्हणजे एंजिनाच्या बाजूस, एखाद्या सांध्यात फट राहिली असे समजा. नळीतील वायूंचा दाब स्पंदनशील असतो. दोन स्पंदनांच्या मध्ये तो वातावरणाच्या दाबाखाली उतरला की फटीतून बाहेरील हवा आत ओढली जाते. मिश्रणात हवा अधिक आहे असा खोटा निर्वाळा संवेदक देतो व नियंत्रक-यंत्रणा अधिक पेट्रोल सोडू लागते. इंधन व्यर्थ जाते, उत्प्रेरकही अकारण तापतो. आणि दोष मात्र बिचाऱ्या नव्या संवेदकावर ढकलला जातो. म्हणून नळीस भोक पाडून आटे असलेली पोलादी बैठक वेल्ड करताना सांधा सर्व बाजूंनी वायुरोधक होणे अगत्याचे असते. या आट्यांचा व्यास सामान्यतः १८ मि.मी. व अंतर १.५ मि.मी. असते.

सर्व सिलिंडरांचे वायू एकत्र मिसळल्यानंतरची, परंतु उत्प्रेरकापूर्वीची जागा मिश्रण-नियंत्रणासाठी योग्य. संवेदकाचे टोक खाली राहील व तो क्षितिजापासून निदान १० अंश कललेला असेल असे पाहावे. अन्यथा थंड नळीत साचलेले पाणी तप्त झिर्कोनियावर पडून त्यास तडा जातो. आटे गंजून धरू नयेत म्हणून लावावयाचा लेप आट्यांपुरताच असावा. सिलिकोनयुक्त पदार्थ तर जवळही आणू नये, कारण त्याच्या वाफेने प्लॅटिनमवर सिलिकेचा थर बसतो.

तारांविषयीचे पथ्य चमत्कारिक वाटेल. अनेक संवेदकांत आतील अंगास लागणारी हवा तारेच्या बारीक धाग्यांमधील फटींतूनच येते. तार तुटल्यास ती डाख देऊन जोडली की विजेचा मार्ग सुधारतो, हवेचा मात्र बुजतो.